शेअर बाजारातली मंदी आणि मोंढ्यातली मंदी

७ एप्रिल २०२५ च्या सोमवारी सकाळी शेअर बाजार उघडला तोच सेन्सेक्स ३,९०० अंकांनी खाली. दिवसभरात थोडा सावरला, तरी बंद होताना २,२२६ अंकांची घसरण होतीच. संध्याकाळपर्यंत माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. "पत्रकार साहेब, मंदी यायलीय म्हणे, खरंय का?" विचारणाऱ्यांत कापड दुकानदार होते, शिक्षक होते, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला असलेला एक पोरगा होता. शेअर बाजाराशी दुरूनही संबंध नसलेले एक शेतकरी काकाही होते.

त्या दिवशी घाईत उत्तर दिलं नाही. आता दहा दिवस झाले. मधल्या काळात ट्रम्प यांनी वाढीव आयात शुल्क ९० दिवस पुढे ढकललं, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६ टक्क्यांवर आणला आणि १५ एप्रिलला मंगळवारी सेन्सेक्स परत ७६,७०० च्या वर बंद झाला. म्हणून आता निवांत लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. शेअर बाजार पडला, एवढ्यावरून मंदी येणार असं म्हणता येत नाही. पण बाजार वर गेला म्हणून सगळं बरं चाललंय, असंही म्हणता येत नाही. आणि आपल्या लातूर जिल्ह्याचं नुकसान पहिल्यापेक्षा या दुसऱ्या गैरसमजानं जास्त केलंय.

*आधी शब्दाचा घोळ*

आपला निम्मा गोंधळ 'मंदी' या शब्दानं केलाय. मोंढ्यात आडते म्हणतात, "तुरीत आज दोनशेची मंदी." म्हणजे भाव उतरला, एवढंच. उद्या तेजी येईल. शेअर बाजारातही तेजी-मंदी त्याच अर्थानं चालते. ती भावाची मंदी.

अर्थशास्त्रवाले ज्याला मंदी म्हणतात ती वेगळी. देशातलं एकूण उत्पादन वाढायचं थांबून उलट घटायला लागतं, कारखान्यांच्या पाळ्या कमी होतात, नोकऱ्या जातात, लोकांच्या हातातला पैसा आटतो. साधारण हिशेब असा की सलग दोन तिमाही जीडीपी आकसला तर मंदी. वाढ चालू आहे पण वेग कमी झालाय, तर ती मंदगती. तिसरीच गोष्ट.

इंग्रजीत या दोन मंद्यांना वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे एकच. टीव्हीवरचा माणूस ओरडतो "बाजारात मंदी" आणि दुकानात बसलेला माणूस ऐकतो "आता धंदा बसणार". भावाची मंदी आणि धंद्याची मंदी यांचा संबंध कधी असतो, कधी नसतो. तो कधी असतो हे कळलं तर अर्धी भीती जाते.

*मागचा हिशेब काय सांगतो?*

१९९१ आठवा. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, देशानं ४७ टन सोनं बाहेर पाठवून गहाण टाकलं. १९९१-९२ या वर्षात अर्थव्यवस्था कशीबशी एक-दीड टक्क्यानं वाढली. आणि त्याच काळात सेन्सेक्स? १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास होता, तो एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या पुढे गेला. मग हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला आणि वर्षभरात सेन्सेक्स निम्म्यावर आला. त्या पडझडीच्या वर्षात अर्थव्यवस्था मात्र सावरून पाच टक्क्यांच्या वर वाढली. देश गहाण पडला तेव्हा बाजार नाचत होता, देश उभा राहत होता तेव्हा बाजार झोपला होता.

२००८. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर, ऑक्टोबरमध्ये दिवसभराच्या व्यवहारात ८ हजारांच्याही खाली. निर्यातीला मार बसला, सुरतेच्या हिरे कारागिरांची कामं गेली, आयटीतली भरती थांबली. वाढीचा वेग घटला, पण देशाची अर्थव्यवस्था आकसली नाही. शेतकऱ्यांची कर्जमाफी, सगळ्या जिल्ह्यांत पोचलेली रोजगार हमी, सहावा वेतन आयोग, यातून खालच्या माणसाच्या हातात पैसा आला आणि त्यानं गाडा चालू ठेवला.

२०१९ तर डोळ्यांसमोरचं आहे. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून जास्त घटली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सेन्सेक्सनं ४१ हजारांचा विक्रम केला आणि त्याच आठवड्यात सरकारनं जुलै-सप्टेंबरची वाढ फक्त ४.५ टक्के असल्याचं जाहीर केलं. एकाच पेपरात दोन बातम्या. ठळक छापली गेली ती पहिली.

२०२० मध्ये खरी मंदी आली. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी जवळपास चौथा हिस्सा घटला, पुढच्या तिमाहीतही घटला. म्हणजे व्याख्येनं पक्की मंदी. इथं बाजाराचा अंदाज बरोबर आला हे मान्य. पण लॉकडाऊन लागल्यावर धंदे बसणार हे कळायला सेन्सेक्सची गरज नव्हती. आणि ती मंदी चालू असताना बाजारानं काय केलं? २६ हजारांवरून डिसेंबरअखेर ४७ हजारांच्या वर गेला. हायवेवरून माणसं चालत गावाकडे येत होती त्याच महिन्यांत हे चाललं होतं.

अमेरिकेतही तेच. १९ ऑक्टोबर १९८७ ला तिथला डाऊ जोन्स एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त पडला, तरी मंदी आली नाही. २०२२ मध्ये तिथला एस अँड पी शिखरावरून सुमारे एक चतुर्थांश उतरला, तरी मंदी आली नाही. पॉल सॅम्युएल्सन या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञानं १९६६ मध्येच टोमणा मारून ठेवलाय की, मागच्या पाच मंद्यांपैकी नऊ मंद्या शेअर बाजारानं आधी ओळखल्या! म्हणजे चार वेळा उगीच आरडाओरडा.

*मग बाजार पडतो कशानं?*

सेन्सेक्स म्हणजे ३० मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावाची सरासरी. विकणारे जास्त आणि घेणारे कमी झाले की भाव पडतो. विकायला कारण काहीही असू शकतं. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या बाजारातून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून नेले. आपले शेअर महाग झाले होते, चीनचे स्वस्त होते, अमेरिकेत व्याज चांगलं मिळत होतं. यातलं एकही कारण लातूरची डाळ मिल बंद पडल्याचं नाही. ७ एप्रिलची पडझड ट्रम्प यांच्या शुल्काच्या धसक्यानं झाली, आणि त्या दिवशी जगभरचे बाजार पडले.

*तरीही डोळेझाक नको*

"बाजार पडू दे, आपल्याला काय" असं मी म्हणत नाही. बाजाराची पडझड धंद्याच्या मंदीत कशी बदलते याचा एक ठराविक रस्ता आहे, आणि तो कर्जातून जातो.

लोकांनी स्वतःच्या शिलकीतून घेतलेले शेअर पडले तर माणूस हळहळतो आणि पुढे जातो. पण उधार पैशावर उभा असलेला डोलारा पडला, तर कर्ज देणाराही सोबत पडतो. मग तो दुसऱ्यांनाही कर्ज द्यायचं थांबवतो आणि ज्याचा शेअरशी संबंध नाही त्याचा धंदा अडतो. २००८ मध्ये अमेरिकेत घरकर्जांमुळे बँकाच बुडायला लागल्या, म्हणून तिथं एवढी मोठी मंदी आली. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही कंपनी कर्जाचे हप्ते चुकवायला लागली आणि बिगर-बँक फायनान्स कंपन्यांचा पैसा आटला. गावात ट्रॅक्टरला, मोटारसायकलला कर्ज देतात त्या याच कंपन्या. वर सांगितलेल्या २०१९ च्या मंदगतीचं एक मोठं मूळ तिथं होतं.

दुसरी गोष्ट बदललीय ती म्हणजे बाजार आता घराघरात पोचलाय. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती, एप्रिल २०२५ पर्यंत ती १९ कोटींच्या पुढे गेली. त्यामुळे पडझडीचा चटका पूर्वीपेक्षा जास्त घरांना बसतो. त्यात जे एसआयपीवाले आहेत त्यांची मला तेवढी काळजी नाही. काळजी आहे ती फ्युचर-ऑप्शनवाल्या पोरांची. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत या खेळातले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आपल्या तालुक्यातही मोबाइलवर पर्सनल लोन काढून, कुणी बापाच्या नावावरच्या पीककर्जातून, हा खेळ खेळतंय. त्या घरांमध्ये मंदी आलेलीच आहे. तिची बातमी होत नाही, कारण सांगायची लाज वाटते.

*आपली मंदी कधी आली होती?*

आता मूळ मुद्दा. २७ सप्टेंबर २०२४ ला सेन्सेक्स ८६ हजारांच्या उंबरठ्यावर गेला. तोवरचा विक्रम. चॅनेलवर पेढे वाटले गेले. देशाची जुलै-सप्टेंबरची वाढ नेमकी त्याच तिमाहीत साडेपाच टक्क्यांच्या आसपास घसरली होती, हे दोन महिन्यांनी कळलं.

आणि आपल्या मोंढ्यात काय चाललं होतं? सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि प्रत्यक्ष सौदे चार-सव्वाचार हजारांच्या घरात. २०२१ मध्ये याच सोयाबीननं दहा हजार पाहिले होते. खत, मजुरी, काढणी तेवढीच राहिली की वाढली, भाव निम्म्याच्याही खाली. मग तुरीचा नंबर लागला. वर्षभरापूर्वी दहा हजारांच्या वर असलेली तूर नवा माल येताच हमीभावाच्या, म्हणजे ७,५५० च्या, खाली आली. दिवाळीत दुकानदार विचारत होते, "यंदा गिऱ्हाईक कुठं गेलं?" गिऱ्हाईक मोंढ्यात हमीभावाच्या खाली माल घालून रिकाम्या हातानं घरी गेलं होतं.

म्हणजे सेन्सेक्स शिखरावर असताना आपल्याकडे धंद्याची मंदी होती. तेव्हा मला एकाही माणसानं व्हॉट्सॲपवर विचारलं नाही की मंदी आलीय का. टीव्हीवर लाल पट्टी फिरली नाही ना!

जरा मागे जाऊन बघा. २०२० च्या आधी स्वतंत्र भारतात देशाचं वर्षाचं उत्पादन घटलं ते मोजक्याच वेळा. १९५७-५८, १९६५-६६, १९७९-८०, आणि थोडंसं १९७२-७३ ला. ७२ चा दुष्काळ म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना खडी फोडलेली आणि सुकडी खाल्लेली आठवते. ही सगळी वर्षं पाऊस रुसल्याची, आणि शेवटचं त्याच्या जोडीला तेल महागल्याची. सेन्सेक्स तर १९८६ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीही मंदी येत होती आणि ती ढगाकडे बघून कळत होती. हवामान खात्यानं १५ एप्रिलला २०२५ साठी सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज दिला. माझ्या मते आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं त्या महिन्यातली सर्वांत मोठी आर्थिक बातमी तीच.

*अमेरिकेतून लातूरला मंदी आलीच तर कुठून येईल?*

ट्रम्प यांच्या शुल्कामुळे अमेरिकाच मंदीत गेली, तर आपण सुटू असं नाही. पण ती सेन्सेक्सच्या वाटेनं येणार नाही. शेजारच्या सोलापूरचा टॉवेल बाहेरच्या देशांत जातो. तिकडची मागणी घटली की यंत्रमागावरचा माणूस घरी बसतो. आपली इंजिनिअर झालेली पोरं पुण्यात हिंजवडीला आहेत, आणि आयटीचा मोठा धंदा अमेरिकेवर चालतो. तिथं भरती थांबली की इथं बापाला येणारे महिन्याचे दहा-पंधरा हजार थांबतात, फ्लॅटचा हप्ता अंगावर येतो. रिझर्व्ह बँकेनंही ९ एप्रिलला २०२५-२६ च्या वाढीचा अंदाज ६.७ वरून ६.५ टक्क्यांवर आणला तो या धास्तीनंच. ६.५ टक्के वाढ ही मंदी नव्हे. वेग किंचित कमी होईल, एवढाच त्याचा अर्थ.

*मग बघायचं काय?*

वीसेक वर्षं बातमीदारी करताना काही खुणा मला सेन्सेक्सपेक्षा जास्त खऱ्या वाटत आल्यात. तुम्हीही बघू शकता.

१. मोंढ्यातला भाव आणि हमीभाव यांच्यातलं अंतर. आवक किती आहे हेही बघा. भाव नसताना आवक वाढली, तर शेतकऱ्याला थांबायची ताकद उरलेली नाही असं समजा.

२. उधारीची मुदत. महिन्यात येणारा पैसा अडीच-तीन महिन्यांवर गेला आणि बँक सीसीची लिमिट वाढवायला टाळाटाळ करायला लागली, तर ती खरी घंटा.

३. एमआयडीसीतल्या पाळ्या. नोकऱ्या जाण्याआधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी.

४. आमच्याच पेपरातल्या आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसा. सोनं तारण लिलाव, ट्रॅक्टर जप्ती, घराचा ताबा. त्या पानाच्या नोटिसा अर्ध्या पानावरून दोन पानांवर गेल्या की तालुक्याची तब्येत बिघडलीय असं बेधडक समजा. सोबत दुकानांच्या जाहिराती कमी झाल्या असतील तर शंकाच नको.

५. रोहयोच्या कामाची मागणी. चांगल्या हंगामातही माणसं काम मागायला ग्रामपंचायतीत येत असतील, तर शेतात काम नाही.

६. ऊसतोडीला आणि पुण्याला जाणाऱ्या गाड्या. नेहमीपेक्षा आधी भरून गेल्या तरी, आणि गेलेली माणसं अवेळी परत आली तरी, दोन्ही वाईट.

या सहाही खुणा ७ एप्रिलला एका दिवसात बदलल्या नाहीत. त्यातल्या एक-दोन मागच्या दिवाळीपासूनच बिघडलेल्या आहेत. त्यांची काळजी करा.

*भीतीचा खर्च*

एवढं लांबलचक लिहायचं खरं कारण आता सांगतो. वर उल्लेख केलेल्या कापड दुकानदारांनी त्या सोमवारच्या बातम्या बघून लग्नसराईच्या मालाची ऑर्डर निम्मी केली. म्हणजे तिकडे तेवढा कमी माल विणला जाणार, हमालाच्या दोन खेपा कमी होणार, दुकानात हंगामापुरता ठेवायचा पोरगा ठेवला जाणार नाही. एकानं केलं तर काही नाही. गावातल्या पन्नास दुकानदारांनी केलं तर नसलेली मंदी आपणच आणली. अर्थव्यवस्थेत भीती फुकट येत नाही, तिचं बिल कुणीतरी भरतं, आणि बहुतेक वेळा ते रोजंदारीवाला भरतो.

तसंच एसआयपीचं. मार्च २०२५ च्या आकड्यांत देशभरात नव्यानं सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या जास्त होत्या. ज्याला घरखर्चाची अडचण आहे त्यानं थांबवावी, त्यात कमीपणा नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाचा निर्णय एका सोमवारच्या ब्रेकिंग न्यूजवर घेऊ नये. आणि कर्ज काढून बाजारात असाल, तर सेन्सेक्स वर असो की खाली, आधी बाहेर पडा. हा सल्ला द्यायला गुंतवणूक तज्ज्ञ असावं लागत नाही.

राहिला प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींचा. सेन्सेक्स पडला की दिल्ली-मुंबईत बैठका होतात, निवेदनं निघतात, आणि दोन-चार दिवसांत व्याजदरही उतरतो. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं तेव्हा खरेदी केंद्रावर ओलाव्याचं कारण सांगून किती ट्रॅक्टर परत पाठवले गेले आणि बारदाना नाही म्हणून किती दिवस काटा बंद राहिला, हे तुम्ही पाहिलंय. खरीप दोन महिन्यांवर आलंय. या वेळी खरेदी केंद्रं माल बाजारात यायच्या आत सुरू होतील का, हा प्रश्न आत्ता विचारला पाहिजे, ऑक्टोबरमध्ये नाही. मी पेपरातून विचारणार आहेच. तुम्हीही गावात येणाऱ्या पुढाऱ्याला विचारा.

आणि कमेंटमध्ये एवढंच लिहा की तुमच्या दुकानात, शेतात, कारखान्यात मागच्या सहा महिन्यांत काय बदललं. उधारी वाढली की कमी झाली? कामाचे दिवस किती भरले? नाव लिहायचं नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा, छापताना नाव देणार नाही. सेन्सेक्सचा आकडा रोज दुपारी साडेतीनला सगळ्या देशाला कळतो. आपल्या तालुक्याचा आकडा आपणच गोळा करावा लागेल.